गॅस गिझर पहाटे पेटत नाही, पेटला तर पाच-सहा सेकंदांत विझतो

पूर्णाकाठ (जिंतूर)

नमस्कार. आमच्या घरचा गॅस गिझर गेले बारा दिवस पहाटे नीट पेटत नाही आणि मला कारण सापडत नाही, म्हणून सगळा तपशील एकदाच लिहितो. परभणीकडची थंडी ज्यांनी काढली आहे त्यांना माहीत असेल की, कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत पारा सात-आठ अंशांवर उतरतो तेव्हा स्लॅबवरच्या टाकीतले पाणी नुसते हातावर घेणेही नको वाटते. माझे वडील, म्हणजे अण्णा, ७९ वर्षांचे आहेत आणि पहाटे साडेपाचला अंघोळ करून पूजेला बसण्याचा त्यांचा नेम आहे. सध्या आई चुलीवर हंडा ठेवते आणि तापलेले पाणी बादलीने न्हाणीघरापर्यंत नेते. तिचे वय ७२ आहे, फरशी ओली असते आणि मला रोज त्या बादलीची धास्ती वाटते.

गिझर मिनिटाला ६ लिटरचा असून चार वर्षांपूर्वी घेतलेला आहे. तो न्हाणीघरात नाही. मागच्या उघड्या पडवीत, बाहेरच्या भिंतीवर बसवलेला आहे आणि त्याला १४.२ किलोचे स्वतंत्र सिलिंडर आहे. आम्ही तो फक्त हिवाळ्यात वापरतो. होळी झाली की सिलिंडर काढून ठेवतो आणि दिवाळीनंतर पुन्हा जोडतो. यंदा जोडल्यावर पहिले काही दिवस तो चालला, पण पेटताना आवाज मोठा येत होता, आणि नंतर बिघडला.

आता होते ते असे. नळ सोडला की टिक-टिक सुरू होते. पूर्वी दुसऱ्या-तिसऱ्या ठिणगीला ज्योत धरायची. आता कधी कधी सात-आठ सेकंद नुसती टिक-टिक होऊन सगळे शांत होते, तर कधी मधेच ‘भक्क’ असा आवाज होऊन ज्योत लागते, पाच-सहा सेकंद राहते आणि ‘टक्’ असा आवाज येऊन विझते. नळ बंद करून पुन्हा सोडला की तेच होते. दुपारी दोन-तीन वाजता मात्र हाच गिझर चारपैकी दोन वेळा तरी व्यवस्थित चालतो.

मी दोन्ही मोठे सेल नवीन घातले. सिलिंडर संपत आले असेल असे समजून भरलेले जोडले. पाण्याच्या नळीच्या तोंडाशी असलेली जाळी काढून धुतली; तिच्यात बोअरच्या पाण्याचा पांढरा थर आणि थोडी वाळू होती. फरक पडला नाही. जुने सिलिंडर स्वयंपाकघरातल्या शेगडीला लावले, तर तिथे ते व्यवस्थित चालते. दोष कुठे असावा आणि त्यातले मी स्वतः काय तपासू शकतो, हे कृपया सांगावे.


मांजरातीर (लातूर)

पूर्णाकाठ, तुम्ही लक्षणे नीट पाहून लिहिली आहेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे जाते. मी १८ वर्षांपासून गिझर आणि शेगड्या दुरुस्तीचे काम करतो. सुटे भाग एकामागून एक बदलण्याआधी गिझर नेमका कोणत्या पायरीवर अडतो ते पाहावे, असे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, कारण हे यंत्र ठरलेल्या क्रमानेच चालते आणि एक पायरी पूर्ण झाल्याशिवाय पुढची सुरू करत नाही.

नळ सोडला की पाणी वाहू लागते आणि आतल्या रबरी पडद्यावर, ज्याला आम्ही डायफ्रॅम म्हणतो, दाब येऊन तो एक बारीक दांडी पुढे ढकलतो. दांडी मायक्रोस्विच दाबते. स्विच दबला की सेलवर चालणारी छोटी पेटी, म्हणजे इग्निटर, एकाच वेळी दोन कामे करते: पिनेतून ठिणग्या पाडते आणि कॉइलला वीज देऊन गॅसचा झडप उघडते. ज्योत लागली की दुसरी एक पिन, सेन्सर, ती ज्योत ओळखते. ज्योतीतून अगदी सूक्ष्म वीजप्रवाह वाहू शकतो. तो प्रवाह सेन्सरच्या पिनेतून पेटीपर्यंत पोचला की तिला ज्योत असल्याची खात्री पटते आणि ती झडप उघडा ठेवते. काही सेकंदांत ही खात्री पटली नाही, तर पेटी झडप बंद करते. तुम्हाला ऐकू येणारा ‘टक्’ हा त्या झडपाच्या मिटण्याचाच आवाज आहे.

आता तुमची लक्षणे या क्रमावर ठेवून पाहा. टिक-टिक होते, म्हणजे पाणी पुरेसे वाहते आहे, डायफ्रॅम शाबूत आहे आणि मायक्रोस्विच दबतो आहे. तेव्हा पाण्याची बाजू तूर्त सोडून द्या. सेल नवीन आहेत. ज्योत कधी कधी लागते, म्हणजे झडप उघडतो आणि गॅस बर्नरपर्यंत येतो. ज्योत लागूनही गिझर बंद होतो, याचा अर्थ तिची खबर सेन्सरपर्यंत जात नाही. पिनेवर काजळी किंवा पांढरट थर बसला असेल, पिनेची तार सैल झाली असेल, पिनेचे चिनी मातीचे आवरण तडकले असेल किंवा मुळात ज्योतच पिनेपर्यंत पोचत नसेल, यांपैकी एक गोष्ट असणार.

मला सर्वांत जास्त खटकतो तो तुमचा ‘भक्क’ आवाज. गॅस येताक्षणी पेटला तर असा आवाज होत नाही. गॅस पेटण्याआधी कुठेतरी साठतो आणि मग एकदम पेट घेतो, तेव्हाच तो होतो. म्हणून आधी एक विनंती करतो. एकदा पेटला नाही, तर लगेच पुन्हा नळ सोडू नका. नळ आणि सिलिंडर बंद करून निदान पाच मिनिटे थांबा. आपला गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे तो वर उडून जात नाही, खाली बसतो. पडवी उघडी आहे हे चांगले आहे, तरीही लागोपाठ प्रयत्न करणे टाळा आणि पेटवताना कोणीही गिझरच्या खिडकीला तोंड लावून पाहू नये.

दोन गोष्टी पाहून कळवा. दुपारी तो चालतो तेव्हा दोन हात लांब उभे राहून ज्योतीचा रंग पाहा आणि ती बर्नरच्या संपूर्ण लांबीवर सारखी लागते की एकाच बाजूला राहते ते पाहा. त्याचबरोबर रेग्युलेटर आणि नळीच्या जोडांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते तपासा. काडी ओढून तपासणारे लोक मी पाहिले आहेत. ते कदापि करू नका.


अंबानगरी (अंबाजोगाई)

मांजरातीर यांचे निदान मला पटते. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवत असे, म्हणून पहाटे आणि दुपार यांत फरक का पडतो याविषयी थोडे लिहितो.

सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो. त्याचा वायू होण्यासाठी उष्णता लागते आणि ती उष्णता तो सिलिंडरच्या पत्र्यातून, म्हणजे भोवतालच्या हवेतून घेतो. आपल्याकडचा स्वयंपाकाचा गॅस मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असतो. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, पण ब्युटेनचा उत्कलनबिंदू शून्याच्या जवळपास आहे. म्हणून दुपारच्या तिशीत जो गॅस जोरात येतो, तो पहाटेच्या सात-आठ अंशांत मंदावतो. ब्युटेनचे प्रमाण जास्त असेल किंवा सिलिंडर तळाला आले असेल, तर ही मंदी अधिक जाणवते.

शेगडी चालते म्हणून सिलिंडर ठीक आहे, हा निष्कर्ष मात्र पुरेसा नाही. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचे तर साडेदहा किलोवॉट उष्णता पाण्यात जावी लागते. वाया जाणारी उष्णता धरली तर त्यासाठी मिनिटाला सुमारे १५ ग्रॅम गॅस जळतो. शेगडीच्या एका बर्नरला याच्या चौथ्या हिश्श्याइतकाही लागत नाही. त्यामुळे शेगडीला पुरणारे सिलिंडर थंडीत गिझरला कमी पडू शकते. तुम्ही भरलेले सिलिंडर लावूनही फरक पडला नाही, यावरून मला असे वाटते की थंडी हे मूळ कारण नसून, आधीच कुठेतरी असलेला अडथळा ती उघड करते आहे. दुपारी गॅसचा जोर त्या अडथळ्यावर जेमतेम मात करतो, पहाटे करू शकत नाही.

एक सूचना कळकळीने करतो. थंडीत गॅस यावा म्हणून सिलिंडर गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवणे, उन्हात आडवे टाकणे किंवा शेकोटीजवळ नेणे हे प्रकार मी आपल्या भागात अनेक घरांत पाहिले आहेत. सिलिंडर आडवे केले की वायूऐवजी द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो, आणि शेकोटीच्या धोक्याविषयी वेगळे सांगायला नको. सिलिंडर उभेच असावे.


सिंदफणा (गेवराई)

मूळ प्रश्नाशी जोडलेलाच एक प्रश्न विचारतो. आमच्या गिझरमध्ये टिक-टिकच होत नाही. सेल नवीन आहेत. न्हाणीघर वरच्या मजल्यावर आहे आणि पाण्याची टाकी त्याच्याच स्लॅबवर, विटांच्या एका थरावर ठेवलेली आहे. खालच्या मजल्यावर हाच गिझर चालत होता.


अंबानगरी (अंबाजोगाई)

सिंदफणा, तुमच्या वर्णनातच उत्तर आहे. पाण्याच्या दर मीटर उंचीमागे सुमारे ०.१ बार दाब मिळतो. गिझरला चालू होण्यासाठी साधारण ०.२ बार लागतो असे धरले, तर टाकीचा तळ गिझरपेक्षा निदान दोन मीटर वर हवा, आणि नळीतल्या वळणांमुळे दाब आणखी घटतो. भिंतीवर माणसाच्या उंचीला गिझर आणि लगेच वर स्लॅब, अशा रचनेत दोन मीटर भरत नाहीत. तुमच्या गिझरला किती दाब हवा ते त्याच्या पाटीवर छापलेले असते. ते पाहून टाकीखाली उंच लोखंडी घडवंची करा किंवा दाब वाढवणारा छोटा पंप बसवा. त्याआधी शॉवर काढून थेट नळाखाली एकदा चालवून पाहा, कारण शॉवरच्या बारीक छिद्रांनीही प्रवाह अडतो.


मांजरातीर (लातूर)

सरांच्या उत्तराला एकच पुरवणी जोडतो. दाब पुरेसा असूनही टिक-टिक नसेल, तर जाळी आणि डायफ्रॅम पाहावा. आपल्या काळ्या दगडातल्या बोअरचे पाणी जड असते आणि तापले की त्यातला क्षार बाहेर पडून तांब्याच्या नळीत थर धरतो. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या वर्षी बोअर आणि टँकरचे गढूळ पाणी वापरून इतके गिझर बंद पडले की मी दिवसाला पाच-सहा डायफ्रॅम बदलत होतो. रबर कडक होते किंवा त्याला सुईएवढे भोक पडते आणि मग दांडी पुढे सरकतच नाही.


पूर्णाकाठ (जिंतूर)

सर्वांचा आभारी आहे. सांगितल्याप्रमाणे पाहिले. साबणाच्या फेसाने तपासले, जोडांवर कुठेही गळती नाही. दुपारी गिझर चालला तेव्हा ज्योत उजव्या बाजूला निळी होती, मधे पिवळी आणि लांबट होती आणि डाव्या बाजूच्या दोन-तीन पट्ट्यांवर जवळजवळ नव्हतीच. मांजरातीर, सेन्सरची पिन त्याच डाव्या बाजूला आहे. पत्र्याच्या खालच्या कडेला, आत हवा जाते तिथे, थोडी काजळीही दिसली.

दरम्यान काल येथील एका कारागिराला बोलावले होते. त्याने झाकण न उघडताच सांगितले की सेन्सर गेला आहे, नवीन मिळायला आठवडा लागेल, तोवर तार जोडून सेन्सर ‘डायरेक्ट’ करून देतो, म्हणजे गिझर बंद पडणार नाही. शिवाय पडवीतल्या वाऱ्यामुळे ज्योत विझते, तेव्हा गिझर न्हाणीघराच्या आत घ्या, असेही त्याचे म्हणणे आहे. तीनशे रुपयांत दोन्ही कामे होतील असे तो म्हणाला. आईची बादली डोळ्यांसमोर असल्यामुळे मी जवळजवळ होकार दिला होता, पण आपल्याला विचारल्याशिवाय नको म्हणून त्याला उद्या यायला सांगितले आहे.


गोदातीर (नांदेड)

पूर्णाकाठ दादा, कृपा करून त्याला नको म्हणा. मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे आणि गिझर दुरुस्तीतले मला काही कळत नाही, परंतु त्याने सुचवलेल्या दुसऱ्या कामाचा परिणाम मी खाटेवर पाहिलेला आहे.

तीन वर्षांपूर्वी जानेवारीत एका सकाळी तेवीस वर्षांच्या एका मुलीला आमच्याकडे आणले. लग्नाला दीड महिना झाला होता. गिझर न्हाणीघराच्या आत होता, आणि थंड वारा येतो म्हणून घरच्यांनी झरोक्यात गोणपाट कोंबले होते. तिच्या आधी घरातल्या तिघांच्या अंघोळी झालेल्या होत्या. ती बराच वेळ बाहेर आली नाही म्हणून कडी तोडली, तेव्हा ती फरशीवर बेशुद्ध पडलेली होती आणि नळ वाहत होता. मी तिच्या बोटाला ऑक्सिजन मोजणारे यंत्र लावले, तर त्यात ९८ आकडा दिसला, आणि तिच्या नवऱ्याला वाटले की आता काळजीचे कारण नाही. ते यंत्र अशा वेळी फसवते, कारण रक्तात ऑक्सिजन मिसळला आहे की कार्बन मोनॉक्साइड, हा फरक त्याला कळत नाही. ती वाचली, पण पुढचे कित्येक आठवडे तिला सकाळचे संध्याकाळी आठवत नव्हते.

बंद जागेत गॅस जळू लागला की हवेतला ऑक्सिजन कमी होतो, ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरमधल्या गॅसला मुद्दाम उग्र वास मिसळलेला असतो, म्हणून गळती नाकाला कळते. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि डोळ्यांची जळजळही होत नाही. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून ठेवते. आधी डोके जड होते, मळमळते, पायांतले बळ जाते, आणि ज्याला हे होते त्याला ते थंडीमुळे किंवा उपाशीपोटी असल्यामुळे वाटते. दाराची कडी काढण्याएवढी शक्ती उरत नाही. अण्णांच्या वयात हृदयावरचा ताण किती वेगाने वाढेल, याचा कृपया विचार करा.

तुमची ज्योत पिवळी आहे असे तुम्ही लिहिले आहे. अशी ज्योत असलेला गिझर न्हाणीघराच्या आत नेणे ही कल्पनाच मला सहन होत नाही. तो आज जिथे आहे, तिथेच असावा. आणखी चार दिवस हंडा ठेवावा लागला तर ठेवा, पण बादली आईऐवजी दुसऱ्या कोणीतरी उचलावी, एवढी व्यवस्था करा.


मांजरातीर (लातूर)

गोदातीर ताईंनी लिहिले त्यापुढे मी काय सांगणार? सेन्सर डायरेक्ट करणे म्हणजे ज्योत असो वा नसो, झडप उघडा ठेवणे. वाऱ्याने ज्योत विझली तरी गॅस येत राहील आणि पडवीच्या फरशीवर साठेल. आमच्या धंद्यातली माणसे गिऱ्हाईक घाईत आहे म्हणून हे करून देतात याची मला लाज वाटते. माझ्या मते तुमचा सेन्सर शाबूत आहे आणि तो त्याचे काम चोख करतो आहे. त्याच्या बाजूला ज्योतच नाही, म्हणून तो गिझर बंद करतो आहे.

आता तुमच्या निरीक्षणावरून जे दिसते ते सांगतो. बर्नर म्हणजे शेजारी शेजारी लावलेल्या पोकळ पत्र्याच्या पट्ट्या. प्रत्येक पट्टीला खाली एक तोंड असते आणि त्या तोंडासमोर पितळेचा एक जेट असतो. जेटमधून गॅसची धार तोंडात शिरते, जाताना सोबत हवा ओढून नेते, आणि ते मिश्रण वरच्या फटींतून बाहेर येऊन निळे जळते. तोंड अर्धे बुजले तर हवा कमी पडते आणि ज्योत पिवळी होते. पूर्ण बुजले तर धार मागे फिरते, गॅस जेटच्या आसपास पसरतो, आणि शेजारच्या पट्टीवरची ज्योत तिथपर्यंत आली की ‘भक्क’ होते. खालच्या कडेची काजळी याच कारणाने आली असणार. ठिणगी उजवीकडे पडत असेल, तर ती चांगली पट्टी पेटवते, पण ज्योत बुजलेल्या पट्ट्या ओलांडून डावीकडच्या सेन्सरपर्यंत जाऊ शकत नाही.

होळी ते दिवाळी बंद राहिलेला, उघड्या पडवीतला गिझर म्हटल्यावर मला कुंभारणीच्या घराचा दाट संशय येतो. कोळ्यांची जाळीही अडथळा करतात, पण मातीचे घर करणारी ती माशी जास्त त्रास देते. गिझर बनवणाऱ्या कंपनीच्या सेवा केंद्राचा माणूस बोलवा आणि सिलिंडर काढून, बर्नर पूर्ण खाली उतरवूनच तोंडे आणि जेट साफ करायला लावा. जेटमध्ये सुई किंवा तार घालू देऊ नका. ते भोक केसभर मोठे झाले तरी गॅस जास्त येतो आणि ज्योत कायमची बिघडते. जेट मऊ ब्रश आणि हवेच्या फुंकरीनेच साफ व्हायला हवा. सेन्सरची पिन शून्य नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच पुसावी, वाकवू नये.


पूर्णाकाठ (जिंतूर)

उशिरा लिहितो आहे, त्याबद्दल क्षमस्व. सेवा केंद्राचा माणूस परभणीहून यायला तीन दिवस लागले. त्या कारागिराला मी नको म्हणून सांगितले होते, आणि ते तीन दिवस बादली मी उचलली.

बर्नर माझ्यासमोर खाली उतरवला. त्यात नऊ पट्ट्या आहेत. डावीकडून दुसऱ्या आणि तिसऱ्या पट्टीचे तोंड काळ्या मातीने इतके गुळगुळीत बंद केलेले होते की प्रथम मला ते कारखान्यातून आलेले बूचच वाटले. चौथीचे तोंड अर्धे बुजलेले होते. त्या माणसाने स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने माती फोडली, तेव्हा आत करंगळीच्या पेराएवढ्या तीन खोल्या निघाल्या आणि त्यांत वाळलेले, पाय मुडपलेले बारीक कोळी भरलेले होते. न्हाणीघराचे सांडपाणी जिथे मुरते तिथे उन्हाळ्यात निळसर काळ्या माशा ओली माती उचलताना मी रोज पाहत असे. त्या ती कुठे नेतात, हे यंदा कळले.

तोंडे ब्रशने साफ केली, जेट फुंकरून घेतले आणि पिन पुसली. पिन शाबूत निघाली, नवीन काही बदलावे लागले नाही. मग दुसऱ्या दिवशी पहाटे सव्वापाचला, पडवीतला तापमापक ९ अंश दाखवत असताना, मी दोन हात लांब उभा राहून आईला नळ सोडायला सांगितले. दुसऱ्या ठिणगीला नऊच्या नऊ पट्ट्यांवर निळी ज्योत एका ओळीत लागली आणि ‘भक्क’ आवाज झाला नाही. आज सलग सहावा दिवस आहे. न्हाणीघराच्या झरोक्यावर आईने थंडीसाठी पुठ्ठा लावला होता, तोही गोदातीर ताईंचे उत्तर तिला वाचून दाखवल्यावर तिने स्वतःच काढला.

आता शेवटची शंका विचारतो. होळीनंतर गिझर बंद ठेवताना माश्या आत जाऊ नयेत म्हणून त्याला कापडी पिशवी घालून तोंड बांधले तर चालेल का? की बारीक जाळी कायमची लावावी?


मांजरातीर (लातूर)

कायमची जाळी लावू नका. तिच्यात धूळ आणि तेलकट काजळी अडकली की हवा कमी पडते आणि ज्योत पुन्हा पिवळी होते. कापडी पिशवी उत्तम, पण ती वरून खालपर्यंत घाला आणि खालचे तोंड दोरीने आवळा, कारण माशी खालूनच शिरते. बांधण्याआधी सिलिंडर सोडवा आणि दोन्ही सेल बाहेर काढून ठेवा. सेल आत राहिले तर आठ महिन्यांत गळतात आणि सेलच्या खणातल्या पत्र्याच्या पट्ट्या गंजतात. ते सेल पिशवीच्या दोरीलाच एका पुरचुंडीत बांधून ठेवत जा. म्हणजे दिवाळीनंतर सेल घालायला येणाऱ्याला पिशवी सोडावीच लागेल, आणि कापड तसेच ठेवून कोणी चुकून गिझर पेटवणार नाही. पिशवी काढल्यावर पहिल्या दिवशी विजेरी घेऊन खालून नऊही तोंडे पाहा आणि मगच सिलिंडर जोडा.